परतीचा वारा : विमानवाहू नौकांच्या युद्धकथनांविषयी

१९८२ साली फॉकलंड बेटांच्या युद्धात ब्रिटिश नौदलाची ध्वजनौका असलेली 'हर्मिस' ही विमानवाहू नौका १२ मे १९८७ रोजी 'विराट' हे नाव धारण करून भारतीय नौदलात आली आणि ६ मार्च २०१७ पर्यंत सेवेत राहिली. तिच्या आधीची 'विक्रांत'देखील इंग्लंडातच, टाइन नदीच्या काठी, 'हर्क्युलिस' या नावाने बांधायला घेतलेली. २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरली तेव्हा महायुद्ध संपून तीन आठवडेही झाले नव्हते. मग काम थांबले. १९५७ मध्ये ती भारताने विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी तिच्यावर आपला ध्वज चढला. आज या दोन्ही नौका नाहीत. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिलेली विक्रांत २०१४ मध्ये दारुखान्यात तोडायला घेतली गेली. तिचे थोडेसे लोखंड पुढे एका मोटारसायकलीच्या टाकीवर मिरवले. विराट २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्याला लागली. मागे उरली आहेत ती पुस्तके. नौका डोळ्यांसमोर होत्या तोवर या पुस्तकांचे उणेअधिक त्यांच्याशी ताडून पाहता येत होते. यापुढे पुस्तक सांगेल तीच नौका, अशी स्थिती आहे. म्हणून त्यांची साहित्य म्हणून परीक्षा होणे अगत्याचे वाटते.

धारवाडात बसून हा उद्योग कशासाठी, असे कोणी विचारील. पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलात या बाजूला येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना समुद्र ठाऊक आहे तो बहुधा गोकर्ण-कारवारच्या यात्रेपुरता. पण तेच कारवार आज देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोठा नाविक तळ आहे आणि सप्तापुरातून निघालेला मनुष्य चार-पाच तासांत तेथे पोहोचतो. नौदलाच्या वैमानिकी शाखेचे घर असलेले दाबोळी, आणि तेथे विक्रांतची जुनी विमाने मांडून ठेवलेले संग्रहालय, हेही घाट उतरले की हाताशी. विषय आपल्या उंबऱ्यापासून वाटतो तितका दूर नाही. दूर आहे ते त्याचे गद्य.

या गद्याचे परीक्षण करण्यापूर्वी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विमानवाहू नौका ही वाऱ्यावर जगते. विमानाला उचलण्यासाठी पट्टीवरून पुरेसा वारा वाहावा लागतो. तो निसर्गाने दिला नाही तर नौकेने स्वतः वेगाने धावून निर्माण करायचा असतो. म्हणून विमाने सोडताना आणि परत घेताना तिला वाऱ्याकडे तोंड करून सरळ चालावे लागते, मग शत्रू कोणत्या का बाजूला असेना. १७ सप्टेंबर १९३९ रोजी, महायुद्धाला जेमतेम दोन आठवडे झाले असताना, ब्रिटिशांची 'करेजस' आपली विमाने परत घेण्यासाठी अशीच वाऱ्यावर वळली आणि नेमकी जर्मन पाणबुडीच्या माऱ्यात सापडली. पाचशेहून अधिक माणसे बुडाली. ज्या क्षणी नौका आपल्या माणसांना पोटाशी घेते तोच तिच्या जिवावरचा क्षण असतो. या युद्धप्रकाराचे नाट्य उड्डाणापेक्षा परतीत अधिक आहे, आणि या विषयावरचे पुस्तक कसोटीला उतरते की नाही हे त्यातील परतीच्या वर्णनावरून ओळखावे, असे माझे मत आहे.

त्या 'करेजस'वर अखेरीस उतरलेल्यांपैकी एक तरुण वैमानिक म्हणजे चार्ल्स लॅम. त्याचे 'वॉर इन अ स्ट्रिंगबॅग' हे आत्मकथन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. 'स्ट्रिंगबॅग', म्हणजे दोऱ्यांची पिशवी, हे स्वोर्डफिश विमानाचे लाडके नाव. कापड मढवलेली, दुपंखी, उघड्या बैठकीची ही विमाने युद्धारंभीच जुनाट ठरली होती. तरीही ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री 'इलस्ट्रियस'वरून गेलेल्या अशा एकवीस विमानांनी तारांतो बंदरातील इटालियन आरमाराचे कंबरडे मोडले, आणि पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात 'आर्क रॉयल'वरील स्वोर्डफिशच्या पाणतीराने 'बिस्मार्क'चे सुकाणू जाम केले. तारांतोला लॅमकडे प्रकाशगोळे टाकण्याचे काम होते. म्हणजे तो एका परीने मशालजी होता आणि सगळा देखावा त्याला वरून दिसत होता. असा साक्षीदार ग्रंथकाराला भाग्यानेच लाभतो. लॅमचे लेखन प्रसंगी बढाईखोर आहे, विनोदही कधी कधी शाळकरी. परंतु अंधारात, इंधन संपत आलेले असताना, खाली हलणारा काळा ठिपका आपलीच नौका आहे की नाही याचा अदमास घेणारा माणूस त्यात जिवंत आहे. नौसेनापतींच्या ग्रंथांत हा माणूस सहसा सापडत नाही.

फॉकलंडच्या युद्धातील गद्याचा सर्वांत टिकाऊ तुकडा तर पुस्तकात नाहीच. १ मे १९८२ रोजी 'हर्मिस'वरील बीबीसीचा वार्ताहर ब्रायन हॅनरहान याला किती विमाने हल्ल्यावर गेली हे सांगण्याची मुभा नव्हती. त्याने आकडा सांगितला नाही. जाताना आपण सारी मोजली आणि येताना सारी मोजली, एवढेच तो म्हणाला. सेन्सॉरला बोट ठेवता येईना आणि घरी रेडिओजवळ बसलेल्या आईबापांना हवे ते कळले. मराठी वाचकाला येथे पानिपताची ती चिठ्ठी आठवल्यावाचून राहणार नाही. नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या त्या सावकारी मजकुरात माणसांची नावे नाहीत. मोती, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब आहे. दोन्हीकडे बंधन तेच : उघड बोलायचे नाही. दोन्हीकडे उपायही तोच : मोजणी. एकीकडे आकडा लपवून कुशल कळवले जाते, दुसरीकडे आकडा सांगून सर्वनाश. युद्धाच्या बातमीचे उत्तम गद्य असे हिशेबनीसाच्या अंगाने जाते. विशेषणांची आतषबाजी करणाऱ्या आपल्या युद्धकादंबऱ्यांना याचे विस्मरण झाले आहे. (बखरकारांना ते झाले नव्हते. त्यांच्या अतिशयोक्तीतही याद्या असतात.)

'हर्मिस'वरून त्या युद्धातील नौकासमूहाचे नेतृत्व करणारे रिअर अ‍ॅडमिरल सँडी वुडवर्ड यांचे 'वन हंड्रेड डेज' १९९२ मध्ये निघाले. पॅट्रिक रॉबिन्सन या पत्रकाराने ते लिहिण्यास साह्य केले आहे, आणि खरे सांगायचे तर ते साह्य काही ठिकाणी खटकते. प्रकरणांची टोके फार घासूनपुसून केलेली आहेत. वुडवर्ड मूळचे पाणबुडीवाले. विमानवाहू नौकेला कोठून धोका आहे हे त्यांना शिकाऱ्याच्या बाजूने माहीत होते, म्हणूनच ते आपल्या दोन्ही नौका बेटांच्या पूर्वेला, अर्जेंटिनी विमानांच्या टप्प्याबाहेर ठेवीत राहिले आणि त्याबद्दल स्वकीयांची टीकाही त्यांनी सोसली. या ग्रंथाचे बळ त्याच्या रोजनिशीच्या उताऱ्यांत आहे. तेथे एक थकलेला, चिडका, हिशेबी मनुष्य रात्री बसून उद्याची बेरीज-वजाबाकी मांडताना दिसतो.

ग्रंथातील सर्वांत मोलाचा प्रसंग विमानांचा नाहीच. दोन मुख्य बेटांमधल्या सामुद्रधुनीत शत्रूने सुरुंग पेरले आहेत काय हे सैन्य उतरवण्यापूर्वी कळणे आवश्यक होते आणि सुरुंग शोधणारी जहाजे हाताशी नव्हती. वुडवर्डनी 'अलॅक्रिटी' या लढाऊ नौकेला त्या अरुंद पाण्यातून जाऊन येण्यास सांगितले. सुरुंग हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. कप्तान क्रेग यांनी तो न उच्चारता ओळखला आणि ते गेले. नौका सुखरूप परतली. आपल्या जिभेला आलेली ती अडखळ वुडवर्ड लपवीत नाहीत. आज्ञा देणारा आणि मरण्याची शक्यता असणारा यांच्यातील न बोललेले वाक्य हे या पुस्तकाचे खरे केंद्र आहे, आणि ते मान्य करण्याचे धैर्य सेनापतींच्या आत्मचरित्रांत विरळा.

असे असूनही पुस्तकात एक मोठी पोकळी आहे. त्या युद्धात सहा सी हॅरियर विमाने नष्ट झाली. त्यांतील एकही हवाई झुंजीत पडले नाही. दोन जमिनीवरील माऱ्याने गेली आणि चार अपघातांत. दक्षिण अटलांटिकचा हिवाळा, धुके आणि हेलकावणारी ओली पट्टी हा मोठा शत्रू होता. त्या पट्टीवर थंडीत विमानांना इंधन भरणारे, तुटले ते जोडणारे, रात्री दोन वाजता इंजिन बदलणारे शेकडो हात ग्रंथात आकड्यांसारखे वावरतात. किती विमाने तयार आहेत हे वुडवर्ड प्रत्येक दिवशी सांगतात. ती कोणी तयार केली हे विचारायला ते पट्टीवर उतरत नाहीत. ब्रिजवरून पाहणाऱ्याला पट्टी नेहमी वरून दिसते, हा या प्रकारातील लेखनाचा जन्मजात दोष म्हणावा लागेल.

आता आपल्याकडे. १९७१ च्या युद्धात पूर्व नौदल विभागाचे प्रमुख असलेले व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांचे 'नो वे बट सरेंडर' हे पुस्तक १९८० चे. कृष्णन हे वुडवर्डच्या अगदी उलट प्रकृतीचे निवेदक : रंगतदार, नाटकी, स्वतःच्या युक्त्यांवर खूश. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विक्रांतच्या मागावर निघाली आहे असे कळताच त्यांनी विक्रांत अंदमानात दडवली आणि विशाखापट्टणमजवळ 'राजपूत' या जुन्या विनाशिकेला विक्रांतचे सोंग वठवायला लावले. बिनतारी संदेशांची गर्दी केली, शिधासामग्रीच्या मागण्या नोंदवल्या. एवढ्यावर न थांबता, विक्रांतवरील कोणा खलाशाने आपल्या आजारी आईची चौकशी केली आहे अशी खाजगी तारही उघड्या भाषेत पाठवून दिली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती कशाने बुडाली याविषयी दोन्ही देशांची सांगी वेगळी आहे. कृष्णन मात्र निःशंक आहेत, आणि तेथे त्यांचा ग्रंथ इतिहास सोडून विजयगाथा होतो.

त्या तारेचा प्रसंग वाचताना हसू येते, मग खटकते. विक्रांतवर हजाराहून अधिक माणसे होती. कृष्णन यांचा ग्रंथ वाचून माझ्या मनात घर करून राहिलेला साधा खलाशी मात्र एकच, आईच्या काळजीतला, आणि तो अस्तित्वातच नव्हता. सेनापतीने शत्रूला फसवण्यासाठी तो रचला. ज्याला खोटा खलाशी इतका खरा रचता येतो त्या लेखकाला खऱ्यांपैकी चार जणांना बोलते करणे अवघड नव्हते.

तरी या पुस्तकात एक भाग अस्सल आहे, तो बॉयलरचा. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते आणि पूर्ण वेगाची आशा सोडावी लागली होती. येथे वर सांगितलेला वाऱ्याचा हिशेब पुन्हा मांडून पाहावा. डिसेंबरातला बंगालचा उपसागर शांत, वारा मंद. म्हणजे वारा नौकेनेच निर्माण करायचा. नौका धावते वाफेवर आणि विमान फेकणारे कॅटापल्टही चालते त्याच वाफेवर. वाफ अपुरी. १९६५ च्या युद्धात गोदीत असल्यामुळे विक्रांत लढू शकली नव्हती आणि त्याचे टोमणे तिच्या खलाशांनी ऐकले होते. याही वेळी तिला मागे ठेवावे असा मतप्रवाह होता. कृष्णन यांनी जोखीम घेतली. ४ डिसेंबरला सकाळी सी हॉक विमाने कॉक्स बाजारवर गेली, त्याच दिवशी चितगाववर; पुढे खुलना आणि मोंगल्यापर्यंत मारा पोहोचला. लंगड्या नौकेने ही कामगिरी कशी पार पाडली हे सांगताना कृष्णन यांचा नाटकीपणा गळून पडतो, कारण वाफेच्या दाबापुढे वक्तृत्व चालत नाही.

तिसरा ग्रंथ व्हाइस अ‍ॅडमिरल जी. एम. हिरानंदानी यांचा 'ट्रान्झिशन टु ट्रायम्फ' : १९६५ ते १९७५ या दशकाचा नौदलाचा अधिकृत इतिहास. जाडजूड, तक्ते-परिशिष्टांनी भरलेला, भाषेने रुक्ष. मी या तिघांत त्याला वरचे स्थान देतो. कारण या ग्रंथकाराने आपला आवाज बाजूला ठेवून घटनेत असलेल्यांना त्यांच्याच शब्दांत बोलू दिले आहे. अभियंता बॉयलरविषयी बोलतो, वैमानिक मंद वाऱ्याविषयी, दुसऱ्या नौकेवरचा अधिकारी आपल्याला काय दिसले ते सांगतो. साक्षी एकमेकींना छेद देतात आणि ग्रंथकार तो छेद बुजवीत नाही. कृष्णन यांचे पुस्तक एका बैठकीत संपते, हिरानंदानींचे महिनाभर पुरते. पण विमानवाहू नौका ही मुळात हजार माणसांची कृती आहे आणि तिचे कथन एका तोंडाने होऊ शकत नाही, हे साहित्याचे तत्त्व साहित्यिक नसलेल्या या इतिहासकाराला अधिक कळलेले दिसते. अर्थात त्याच्याही साक्षीदारांत अधिकारीच अधिक.

मराठीत हे आवाज का उमटले नाहीत? आपल्याला समुद्र वर्ज्य होता असे नाही. नाळ, परबाण, डोलकाठी, तांडेल, सारंग, नाखवा अशा शब्दांचे भांडार या भाषेत आहे. कान्होजी आंग्र्यांच्या हलक्या गलबतांना वल्ही होती. वारा पडला की कंपनीची भारी जहाजे जागच्या जागी खिळून राहत आणि आंग्र्यांची गलबते त्यांच्या पिछाडीला जाऊन भिडत. ज्या निवांत हवेने आंग्र्यांना हात दिला तिनेच विक्रांतला अडवले, ही तुलना एखाद्या मराठी लेखकाला सुचायला हवी होती. आंग्र्यांचे चरित्र मात्र मनोहर माळगावकरांनी इंग्रजीत लिहिले, तेही आपल्याच शेजारच्या जगलबेटच्या रानातून लेखन करणाऱ्या माणसाने, पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणले. त्या चरित्राचे नंतरचे इंग्रजी नाव 'द सी हॉक', म्हणजे विक्रांतच्या विमानाचेच नाव, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. समुद्रावरच्या एकट्या म्हाताऱ्याची हेमिंग्वेची कथाही पु. लं.च्या 'एका कोळियाने'मधून आली. धारवाडात राहून जी. ए. कुलकर्ण्यांनी काॅनरॅड रिक्टरचे अमेरिकी रान मराठीत रुजवले. म्हणजे परका अनुभव पेलण्याची ताकद भाषेत होती.

विश्राम बेडेकरांची १९३९ ची 'रणांगण' हा या संदर्भातील मोठा अपवाद. ती आगबोटीवरच घडते. युद्ध अजून पेटलेले नाही, पण डेकवर बसलेल्या निर्वासित ज्यूंच्या चेहऱ्यांवर ते उतरलेले आहे. तरीही बेडेकरांची नजर प्रवाशांवर आहे, आणि ते त्या कादंबरीच्या दृष्टीने योग्यच आहे. बोट चालवणारे तेथे पडद्याआड राहतात. मराठी गद्याला समुद्र दिसला तो प्रवाशाच्या खुर्चीतून किंवा सरदाराच्या तटावरून. इंजिनघरातून नाही.

वास्तविक मराठी माणूस सर्वाधिक होता तो तेथेच. मुंबईच्या नौदल गोदीत विक्रांतच्या आणि पुढे विराटच्या दुरुस्त्या करणारे फिटर, वेल्डर, बॉयलरमेकर कोकणातून आणि घाटावरून आलेले होते. धारवाडही १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होते, तेव्हा ती आपल्याही जुन्या राजधानीचीच गोदी. १९६५ साली नौदलप्रमुखपदी व्हाइस अ‍ॅडमिरल भास्करराव सोमण हे मराठी गृहस्थ होते. पोरबंदरच्या उत्तरेस जाऊ नये या सरकारी बंधनाने ते कसे अस्वस्थ झाले याची नोंद इतिहासात आहे. त्याच महिन्यांत गोदीत विक्रांतच्या पोटात शिरून काम करणाऱ्यांना काय वाटत होते याची कोठेही नाही. त्यांतले बहुतेक आता गेले. १९७१ च्या सुमारास कामाला लागलेली पिढीही पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. दलित आणि ग्रामीण आत्मकथनांनी ज्या भाषेत कष्टाच्या तपशिलाला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या भाषेत गोदीकामगाराचे कथन अशक्य नव्हते. कोणी विचारले नाही, एवढेच. २ सप्टेंबर २०२२ रोजी नवी विक्रांत सेवेत आली त्या दिवशी नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन चढला आणि आपण सारे हरखलो. चिन्हाने हरखणारा समाज बॉयलरच्या तड्याविषयी लिहिलेले चार पाने गद्य वाचील की नाही, याची मला शंका आहे.

ज्यांना हे ग्रंथ वाचावेसे वाटतील त्यांनी लॅमपासून आरंभ करावा, कारण त्याच्यामुळे परतीची भीती अंगात भिनते. वुडवर्डच्या ग्रंथात रोजनिशीचे उतारे आणि 'अलॅक्रिटी'चा प्रसंग सावकाश वाचावा, राजकारणाची पाने उलटली तरी चालतील. कृष्णन एका रविवारी संपवावेत. हिरानंदानींचा ग्रंथ मात्र पहिल्या पानापासून धरू नये. आधी १९७१ च्या पूर्व आघाडीचा भाग वाचावा, मग मागे सरकून १९६५ चा, ज्यात विक्रांत गोदीत उघडी पडलेली आहे आणि युद्ध तिच्यावाचून चालले आहे.